आधी घर की आधी रस्ता? टारनेटच्या कडेला प्लॉट घेणाऱ्यांसाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी-जावई मेलबर्नला आहेत, त्यांनी शहराच्या पश्चिमेच्या टारनेट उपनगरात, त्याच्या पश्चिम टोकाला, हाउस अँड लँड पॅकेज (प्लॉट आणि त्यावर बांधायचं घर एकत्र) बुक केलंय. तुम्ही मार्चमध्ये जाऊन जागा पाहून आलात. एका बाजूला नव्या घरांच्या रांगा, तारेच्या कुंपणापलीकडे चरणारे घोडे. रस्ता जायला एक पदर, यायला एक पदर, आणि सकाळी त्यावर गाड्यांची न हलणारी रांग. जवळच्या शाळेच्या मैदानात कंटेनरसारख्या वर्गखोल्या. एजंट म्हणतो, पाच वर्षांत सगळं होईल. तुम्ही विचारलंय की तिकडे आधी रस्ते, गटारं, शाळा होतात आणि मग घरं, असं आम्ही ऐकत आलो. मग हे पुण्याच्या कडेच्या वाघोलीसारखं का दिसतं, आणि पाच वर्षांचं खरं धरायचं का?

मी गेली एकोणीस वर्षं मेलबर्नच्या पश्चिमेला सबडिव्हिजनची कामं करतो. शेताचे प्लॉट पाडताना लागणारे रस्ते, पावसाळी गटारं, मलवाहिन्या यांचं डिझाइन हा माझा धंदा. त्यामुळे तुम्ही ज्या रांगेत अडकलात तिच्यात माझाही थोडा हात आहे असं समजा.

पाच वर्षांत काही गोष्टी होतील, काही होणार नाहीत. कुठल्या होतील हे बऱ्यापैकी ओळखता येतं. मात्र त्यासाठी नकाशावर काय रंगवलंय ते बाजूला ठेवून त्या कामाचा पैसा कोणाकडून आणि कधी निघतो ते बघावं लागतं.

वाघोलीशी तुलना मात्र अर्धीच लागू पडते. तुमच्या मुलीच्या घरी टँकर येणार नाही, सेप्टिक टँक उपसायला गाडी बोलवावी लागणार नाही. इस्टेटच्या, म्हणजे एका डेव्हलपरने प्लॉट पाडलेल्या वसाहतीच्या, आतला रस्ता, फुटपाथ, पाणी, मलवाहिनी, वीज आणि इंटरनेटची केबल एवढं झाल्याशिवाय काउन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, 'स्टेटमेंट ऑफ कम्प्लायन्स' नावाचा कागद देत नाही. तो नाही तर प्लॉटचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, निघत नाही, टायटल नाही तर सेटलमेंट, म्हणजे व्यवहाराची पूर्तता, नाही आणि घराचं कामही नाही. 'लँड टायटल झाली का?' हा प्रश्न इथल्या आपल्या लोकांच्या प्रत्येक हळदीकुंकवाला ऐकू येतो, तो त्यामुळेच. म्हणजे इस्टेटच्या कुंपणाच्या आत 'आधी रस्ता, मग घर' हे कायद्यानेच खरं आहे. उलटं होतं ते कुंपणाच्या बाहेर. इस्टेटला स्टेशनशी, फ्रीवेशी, शाळेशी जोडणारं जे काही आहे, ते घरांच्या मागून येतं. आणि ते कोणाच्या आळसामुळे नाही, पैशाची रचनाच तशी आहे.

थोडं मागे जातो. मेलबर्नभोवती २००२ साली शहरवाढीची सीमारेषा आखली गेली. तिच्या आत शहर, बाहेर हिरवे पट्टे. नंतर ती रेषा सरकत गेली आणि २०१० साली पश्चिमेला आणि उत्तरेला बरीच मोठी सरकली. रेषेच्या आत आलेल्या शेतांसाठी प्रिसिंक्ट स्ट्रक्चर प्लॅन, म्हणजे रस्ते, घरं, शाळा कुठे येणार याचे आराखडे, बनतात, इथे सगळे त्याला पीएसपी म्हणतात. टारनेट नॉर्थ आणि रिव्हरडेल हे तुमच्या कामाचे दोन आराखडे २०१४ सालचे. टारनेट ज्या विंडम काउन्सिलमध्ये येतं, तिची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे १ लाख ६१ हजार होती, २०२१ मध्ये ती २ लाख ९२ हजार झाली. दहा वर्षांत सव्वा लाखाहून जास्त माणसं. एकट्या टारनेटची संख्या २०२१ मध्ये ५६ हजारांच्या पुढे गेली होती. शहराच्या मध्यापासून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर असलेलं हे गाव शतकाच्या सुरुवातीला बहुतेक मेंढ्या आणि गवताच्या गाठी यांचं होतं.

आता रस्ता. तुम्ही ज्यावर अडकलात तो रस्ता वाहतुकीसाठी कोणी आखलेलाच नाही, तो एकोणिसाव्या शतकातल्या मोजणीदारांनी आखला. सरकारी जमीन विकायची म्हणून त्यांनी या सपाट माळावर एक मैल बाय एक मैल असे चौकोन पाडले आणि मध्ये एक साखळी रुंदीची पट्टी रस्त्याला सोडली. एक साखळी म्हणजे ६६ फूट, साधारण २० मीटर. आपल्याकडची शंकू साखळी ३३ फुटांची, तिचा चौरस म्हणजे गुंठा. तेव्हा लीक्स रोड काय किंवा डोहर्टीज रोड काय, मूळचे दोन शंकू साखळ्या रुंद. आजचा पीएसपी त्याच मैलाच्या चौकटीवर बसवलेला असतो: दर १.६ किलोमीटरला मुख्य रस्ता, त्याच्या अधेमधे जोडरस्ते. पण दोन्ही बाजूंना दोन-दोन पदर, मध्ये दुभाजक, सायकलमार्ग आणि गटार असा मुख्य रस्ता बसवायला ३४ ते ४१ मीटर लागतात. ते वरचे पंधरा-वीस मीटर दोन्ही बाजूंच्या शेतांतून यायचे असतात. ही शेतं तीस-चाळीस वेगवेगळ्या मालकांची असतात आणि ते वेगवेगळ्या वर्षी विकतात.

पैशाचं गणित असं. डेव्हलपर जसजसा प्लॉट पाडतो तसतसा तो दर हेक्टरी काउन्सिलला वर्गणी भरतो, त्या योजनेला इथे डीसीपी (डेव्हलपमेंट काँट्रिब्युशन्स प्लॅन) म्हणतात. रक्कम हेक्टरी काही लाख डॉलरची असते. त्यातून मुख्य रस्त्याची जमीन, चौकातले सिग्नल आणि पहिला कॅरेजवे, म्हणजे जायचा एक आणि यायचा एक पदर, एवढंच होतं. दुसरा कॅरेजवे, ज्याने रस्ता चौपदरी होतो, तो बहुतेक वेळा राज्य सरकारचा. आराखड्याच्या नकाशावर मात्र चौपदरी रस्ता सलग एकाच रंगात दाखवलेला असतो. विक्रीच्या केबिनमधल्या भिंतीवर तोच नकाशा मोठा करून लावतात. त्यातल्या अर्ध्या रुंदीचा पैसा या योजनेत कुठेच नाही, हे सांगायचं काम एजंटचं नाही आणि तो सांगतही नाही.

पहिल्या अर्ध्याचा पैसाही एकदम येत नाही. आज वीस हेक्टर विकसित झाले, वीस हेक्टरांची वर्गणी आली. तेवढ्यात एक चौक होतो. मग बाजार थंडावतो, दोन वर्षं काही येत नाही. बरेचदा डेव्हलपर वर्गणीऐवजी कामच करून देतो, स्वतःच्या जमिनीसमोरचं. त्यामुळे रस्ता तुकड्या-तुकड्यांनी होतो: इकडे चारशे मीटर गुळगुळीत डांबर, फुटपाथ, रांगेने लावलेली झाडं; पुढे सहाशे मीटर जुना खडबडीत रस्ता, कडेला माती; पुन्हा चकचकीत. तुम्हाला ते नियोजनाचा अभाव वाटलं असेल. तो मालकीचा नकाशा आहे, डांबरात उमटलेला.

राज्य सरकारकडेही एक वर्गणी जाते, तिला जीएआयसी (ग्रोथ एरियाज इन्फ्रास्ट्रक्चर काँट्रिब्युशन) म्हणतात. २०१० मध्ये ती सुरू झाली तेव्हा जमिनीच्या प्रकारानुसार हेक्टरी ८० किंवा ९५ हजार डॉलर होती, नंतर दरवर्षी वाढत गेली. निम्मी रक्कम सार्वजनिक वाहतुकीच्या निधीत, निम्मी नव्या वस्त्यांच्या सोयींच्या निधीत. ऐकायला छान. पण हा निधी सगळ्या वाढत्या भागांसाठी एकत्र असतो. टारनेटमधून गोळा झालेला डॉलर टारनेटमध्येच खर्च होईल असं बंधन नाही, आणि तो कधी खर्च होईल हे अर्थसंकल्प ठरवतो.

टारनेटच्या जुन्या भागातल्या रस्त्यांचं काय झालं ते पाहिलंत तर अंदाज येईल. लीक्स रोड, डोहर्टीज रोड, डेरिमट रोड यांचे काही भाग चौपदरी झाले ते वेस्टर्न रोड्स अपग्रेड या राज्याच्या योजनेत. तिचा करार २०१७ चा. खासगी कंपन्यांशी भागीदारी, पुढच्या वीस वर्षांची देखभाल त्यांच्याकडे. काम चांगलं झालं, तीन-चार वर्षांत पुरंही झालं. पण तोवर त्या रस्त्यांवर गर्दी होऊन कित्येक वर्षं लोटली होती. म्हणून तुमच्या मुलीसमोरचा रस्ता चौपदरी होईल, पण कधी ते सांगता येत नाही. त्याला अर्थसंकल्पात ओळ मिळेपर्यंत पाचही नाही आणि दहाही नाही.

आता अशा एका गोष्टीबद्दल, जिच्यावर एजंट कधीच बोलत नाही आणि मी दिवसभर जिच्यावर डोकं आपटतो. पाणी. प्यायचं नव्हे, पावसाचं.

हा सगळा भाग बेसॉल्टचं पठार आहे, आपल्या दख्खनसारखंच ज्वालामुखीतून झालेलं, फक्त वयाने फारच तरुण. जमीन ताटासारखी सपाट. ओटवेच्या डोंगरांमुळे हा पट्टा पर्जन्यछायेत येतो. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सोलापूरसारखा पाऊस. पाऊस कमी असला तरी पडतो तेव्हा पाण्याला जायला उतारच नसतो. स्केलेटन क्रीक, डेव्हिस क्रीक, ड्राय क्रीक ही नावं नकाशावर निळ्या रेघांनी दिसतात, जागेवर गेलात तर कित्येक ठिकाणी तो नुसता गवतातला खळगा असतो. शेत होतं तोवर पाणी तिथेच साचून मुरायचं. छप्पर आणि डांबर आलं की तेच पाणी कित्येक पटींनी आणि एकदम निघतं.

त्यासाठी मेलबर्न वॉटर या सरकारी पाणी संस्थेची प्रत्येक खोऱ्याला एक ड्रेनेज स्कीम असते: इथून एवढ्या व्यासाचा पाइप, तिथे कृत्रिम पाणथळ, पुढे पाणी थोपवणारं तळं. पाइप खालच्या बाजूने वर बांधत यायचा असतो, कारण पाणी खाली जातं. विकास मात्र खालून वर होत नाही, जो आधी विकतो तिथे होतो. वरचा डेव्हलपर तयार, खालच्या चाळीस एकरांचा मालक विकायला तयार नाही, अशी परिस्थिती मी किती वेळा पाहिली असेल, मोजणं सोडून दिलंय.

एक प्रसंग सांगतो. खालच्या जमिनीचा मालक ऐंशीच्या घरातला. बापाने घेतलेली जमीन, स्वतः मेंढ्या पाळलेल्या. कुंपण म्हणजे शेतातलेच काळे दगड चुन्याशिवाय रचलेली भिंत. आपल्याकडच्या बांधाचीच बहीण. त्या भिंती पाडायला इथे परवानगी लागते, वारसा म्हणून. मी त्याच्याकडे नकाशा घेऊन गेलो की तुमच्या शेतातून एक उघडा चर काढू द्या, पुढे पाइप टाकला की जमीन पूर्ववत करून देऊ. त्याने चहा दिला, नकाशा नीट पाहिला आणि विचारलं, "माझ्या मेंढ्यांनी पलीकडे कसं जायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे त्या इस्टेटमध्ये बारा प्लॉट विकायचे थांबवून तिथे तात्पुरतं तळं खोदावं लागलं. बारा कुटुंबांचं बुकिंग अडकलं. डेव्हलपर म्हातारबाबांना शिव्या घालत होता. मला काही त्यांचं चुकलं असं वाटलं नाही. त्यांची जमीन आपल्या नकाशात आली, त्यात त्यांनी काही मागितलं नव्हतं. वर जमिनीचं मूल्य चढलं की काउन्सिलचे रेट्सही, म्हणजे मालमत्ता करही, त्या मूल्याच्या हिशेबाने चढतात. मेंढ्यांचं उत्पन्न तेच राहतं. जे विकतात त्यातले कित्येक हौसेने विकत नाहीत.

इथे एक आडवाट. असा एक अडून बसलेला मालक सगळ्यांचा रस्ता आणि गटार थांबवू शकतो, यावर आपल्याकडे तोडगा फार पूर्वीच निघालाय: नगररचना योजना. मुंबईचा नगररचना कायदा १९१५ चा. सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्ते-गटारं-शाळांची जागा काढायची आणि उरलेली नव्या आकाराच्या प्लॉटांनी ज्याची त्याला परत द्यायची. गुजरातने हे हत्यार मनापासून वापरलं, महाराष्ट्राने बराच काळ म्यानात ठेवलं. मेलबर्नच्या आमच्या ऑफिसात मी हे सांगतो तेव्हा तरुण प्लॅनर डोळे मोठे करतात. त्यांच्याकडे सक्तीचं संपादन आहे, पण ते महागडं आणि संथ. त्यामुळे काउन्सिल शेवटपर्यंत टाळतं. तेव्हा वाघोलीला नाकं मुरडताना एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

बसचंही असंच. बस जायला सलग रस्ता लागतो. इस्टेटमधला जोडरस्ता बसच्या रुंदीचाच बांधलेला असतो, पण तो शेजारच्या न विकलेल्या पॅडकच्या, म्हणजे चराऊ शेताच्या, कुंपणाशी संपतो. पलीकडच्या इस्टेटमध्ये तोच रस्ता त्याच नावाने पुन्हा सुरू होतो. मधली तीनशे मीटर होईपर्यंत बस वळसा घालून जाणार किंवा येणारच नाही.

शाळेवर येऊ. पीएसपीमध्ये ढोबळमानाने तीन हजार घरांमागे एक सरकारी प्राथमिक शाळा आणि दहा हजार घरांमागे एक माध्यमिक शाळा धरतात. जागा नकाशावर राखीव असते, पण ती शिक्षण खात्याला बाजारभावाने विकत घ्यावी लागते आणि इमारत राज्याच्या पैशाने होते. डेव्हलपर काउन्सिलला भरतो त्या वर्गणीतून सरकारी शाळा होत नाही, हे बऱ्याच लोकांना ठाऊक नसतं. पण टारनेटच्या शाळा भरून वाहण्याचं कारण फक्त पैसा नाही. जुन्या पीएसपींमध्ये दर घरामागे २.८ माणसं धरली आहेत. व्हिक्टोरिया राज्याची सरासरी २.५, त्यामुळे तो आकडा कोणाला कमी वाटला नाही. पण टारनेटमध्ये कोण राहायला आलं? पंजाबी, तेलुगू, गुजराती, आपण मराठी, फिलिपिनो. तिशीतली जोडपी, दोन मुलं, आणि नातवंडं सांभाळायला आलेले आजी-आजोबा. घरामागे माणसं तीनच्या वर सरळ जातात. दहा हजार घरांच्या आराखड्यात घरामागे अर्धं माणूस जास्त धरा: पाच हजार माणसं, म्हणजे एक बऱ्यापैकी गाव, ज्यासाठी नकाशावर शाळा नाही, दवाखाना नाही, पार्किंग नाही. शिवाय माणसं एकाच वयोगटात येतात. पंचवीस वर्षांनी हीच शाळा रिकामी पडू शकते. शिक्षण खातं म्हणूनच पक्क्या इमारतीला हात राखून असतं आणि मैदानात हलवता येणाऱ्या खोल्या ठेवतं. तुम्हाला त्या तात्पुरत्या गैरसोयीसारख्या दिसल्या; खात्याच्या हिशेबात तो ठरवून केलेला उपाय आहे. मुलांना मैदान उरत नाही, ही त्याची किंमत.

तरी शाळेच्या बाबतीत मी आशावादी आहे. शाळा निवडणुकीत दिसते, रिबन कापता येते. तुमच्या नातवाला प्राथमिक शाळा चालत जाण्याच्या अंतरावर मिळण्याची शक्यता पाच वर्षांत चांगली आहे, जागा आधीच खरेदी झाली असेल तर. मुलीला एवढंच विचारायला सांगा: शाळेची जागा नुसती दाखवलेली आहे की शिक्षण खात्याने घेतलेली? या दोन शब्दांच्या मध्ये बरीच वर्षं जातात.

रेल्वेचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर आपले लोक आधीच खूप बोलतात. टारनेट स्टेशन जून २०१५ मध्ये सुरू झालं, रीजनल रेल लिंक या नव्या लोहमार्गावर. जिलाँग या जवळच्या शहराच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना शहराच्या लोकल मार्गांतून मोकळं करणं हा त्यामागचा हेतू. उपनगराला लोकल देणं हा नव्हता. म्हणून इथे विजेची मेट्रो नाही, व्ही-लाइन या राज्याच्या प्रादेशिक रेल्वेची डिझेल गाडी आहे, आणि सकाळी ती जिलाँगकडूनच भरून येते. तरी अल्पावधीत टारनेट व्ही-लाइनच्या सर्वांत गर्दीच्या स्थानकांत गेलं. मार्गाच्या बाजूला आणखी रुळांची आणि आणखी स्टेशनांची जागा मात्र त्याच वेळी राखून ठेवली, आणि हे मी खऱ्या नियोजनाचं उदाहरण म्हणून नेहमी सांगतो. जागा राखलेली असली की नंतरचं काम फक्त पैशाचं उरतं. जागा नसली की ते घरं पाडण्याचं होतं. याच तत्त्वावर २०१० मध्ये बाह्य वर्तुळमार्गाची सुमारे शंभर किलोमीटरची पट्टीही आखली आहे, वेरिबीकडून उत्तरेला वळसा घालणारी. तो मार्ग आपल्या हयातीत धावला तर चांगलंच. प्लॉट त्या पट्टीला लागून आहे का एवढं तपासा, कारण तिथे आत्ता शांत माळ दिसतो आणि जाहिरातीत 'मोकळा व्ह्यू' लिहिलेलं असतं.

मोकळ्या व्ह्यूवरून आठवलं. घर घेताना जो हिशेब चुकतो तो बहुधा रस्त्याचा नसतो, पायाचा असतो. बेसॉल्टवरची ही माती आपल्या काळ्या कपाशीच्या जमिनीच्या जातीची: पाणी प्यायली की फुगते, उन्हात भेगाळते. विदर्भात, मराठवाड्यात ज्यांनी घर बांधलंय त्यांना सांगायला नको. इथे मातीची चाचणी करून प्लॉटला वर्ग देतात. एम म्हणजे जमीन २० ते ४० मिलिमीटर हलेल, एच-वन म्हणजे ४० ते ६०, एच-टू ६० ते ७५, आणि त्यापुढे ई. भरावाची किंवा इतर अडचणीची जागा असेल तर पी. विंडमकडे एच सर्रास. वर्ग जितका वरचा तितका पायाचा काँक्रीटचा स्लॅब जड आणि महाग. त्यातच दोन फुटांवर काळा दगड लागला तर फोडायचा खर्च वेगळा. पॅकेजच्या जाहिरातीतला आकडा बरेचदा चांगल्या मातीचा असतो, आणि करारात 'साइट कॉस्ट'ची, म्हणजे जागेनुसार लागणाऱ्या पाया-खोदाईच्या खर्चाची, अंदाजी रक्कम लिहून बाकी फरक तुमच्या माथी असतो. एका ओळखीच्या कुटुंबाला एका बिल्डरने स्लॅब ओतायच्या आदल्या आठवड्यात अठ्ठावीस हजार डॉलरचं वाढीव पत्र पाठवलं. सहीनंतर त्यांच्या हातात काही नव्हतं. साइट कॉस्ट 'फिक्स्ड' लिहून मिळत असेल तरच सही करा, हे मुलीला माझ्या नावाने सांगितलंत तरी चालेल. आणि घर झाल्यावर आईबाबांना, म्हणजे तुम्हालाही, एक विनंती: भिंतीला चिकटून कढीपत्ता आणि शेवगा लावून रोज पाणी घालू नका. एका बाजूची माती ओली, दुसरी कोरडी, की स्लॅब वाकतो आणि दरवाजे लागेनासे होतात. हे मी प्रत्यक्ष पाहिलंय, शेवग्यासकट.

या माळाचा आणखी एक हिशेब राहून जातो. इथलं मूळ गवताळ रान आता अगदी थोडं उरलंय. त्यात पाय नसलेला पट्टेरी सरडा, सोनेरी पतंग, माळावर राहणारा लहानसा प्लेन्स-वाँडरर पक्षी असे जीव आहेत. २०१० च्या विस्ताराच्या वेळी केंद्राशी झालेल्या व्यवहारात राज्याने शब्द दिला होता की घरांखाली जाणाऱ्या गवताच्या बदल्यात शहराच्या पश्चिमेला १५ हजार हेक्टर राखीव गवताळ प्रदेश २०२० पर्यंत घेऊ. २०२० मध्ये राज्याच्या महालेखापालांनी तपासलं तेव्हा त्यातला सुमारे दहा टक्के भाग हाती आला होता. कारण तेच: जमीन डेव्हलपरच्या वर्गणीतून घ्यायची, वर्गणी घरांच्या गतीने येणार, आणि तोवर जमिनीचा भाव वर. रस्ता, शाळा, गवत, तिघांचीही गाडी एकाच इंजिनाला जोडलेली आहे आणि ते इंजिन मागून ढकलतं.

मग आधी सगळं का बांधत नाहीत, असं तुम्ही विचाराल. बांधता येतं, पण तेव्हा कोणीतरी दहा-पंधरा वर्षांचं कर्ज अंगावर घ्यायला हवं. काउन्सिल घेऊ धजत नाही, कारण बाजार थांबला तर वर्गणी थांबते आणि व्याज चालू राहतं. राज्य घेऊ शकतं, पण त्याच्यासमोर सात वाढत्या काउन्सिल हात पसरून उभ्या असतात. डेव्हलपर घेतो, फक्त त्याच्या प्लॉटचं टायटल अडत असेल तेवढ्यापुरतं. प्लॉट स्वस्त हवा असेल तर वर्गणी फार वाढवता येत नाही, आणि वर्गणी कमी ठेवली तर फरकाची किंमत तुमची मुलगी रोज सकाळी रस्त्यात उभी राहून भरते. माझं मत विचाराल तर घरामागे माणसं मोजायचा आकडा बदलावा आणि दुसऱ्या कॅरेजवेची जमीन तरी पहिल्याच फटक्यात पूर्ण रुंदीने ताब्यात घ्यावी. एवढ्या दोन गोष्टींनी निम्मा त्रास कमी होईल. पण माझं मत कोणी विचारत नाही.

व्यवहार रद्द करा असं मी म्हणणार नाही. टारनेटच्या जुन्या भागात पंधरा वर्षांपूर्वी आलेले लोक आज दुकानं, मंदिर, गुरुद्वारा, तळ्याकाठचे रस्ते यांत मजेत आहेत. त्यांनी पहिली सात-आठ वर्षं काढली, एवढंच. मुलीला तीन गोष्टी करायला सांगा. काउन्सिलकडे पीएसपीसोबत डीसीपीची कामांची यादी मिळते. तिच्यात आपल्या समोरचा रस्ता शोधायचा आणि तो 'अंतरिम' (फक्त पहिला कॅरेजवे) लिहिलाय की 'अंतिम' ते पाहायचं. दुसरं, इस्टेटच्या खालच्या अंगाला कोणाची जमीन आहे आणि पाणी आत्ता कुठे सोडलंय हे डेव्हलपरला लेखी विचारायचं; तिथे तात्पुरतं तळं असेल तर इस्टेटच्या पुढच्या स्टेजचं, म्हणजे टप्प्याचं, टायटल वेळेवर मिळेल यावर भरवसा ठेवायचा नाही. आणि करारात टायटलसाठी जी शेवटची तारीख असते, तिच्यानंतर मुलीला आणि डेव्हलपरला काय-काय करता येतं ते वकिलाकडून वाचून घ्यायचं.

रविवारी दुपारी जाऊन प्लॉट पाहणं ही आपल्या लोकांची जुनी सवय. तेव्हा रस्ता रिकामाच असतो. जावयांना एखाद्या मंगळवारी, शाळा चालू असताना, सकाळी सव्वासातला त्या प्लॉटवरून गाडी काढून टारनेट स्टेशनच्या पार्किंगमध्ये जागा शोधायला सांगा. किती मिनिटं लागली ते आणि प्लॉटचा स्टेज नंबर मला कळवा, खालच्या बाजूची जमीन कोणत्या ड्रेनेज स्कीममध्ये येते ते मी काढून पाहतो.